चौथं कडवं

१२ जानेवारी

प्रिय घुम्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच टेबलावर टाकशील, हे धरूनच लिहायला बसले आहे. टाक. पण फाडू नकोस. सहा वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, ते समजण्यासारखं आहे. तू तीन वर्षांचा झालास तरी बोलेनास, तेव्हाच आई म्हणाली होती की हा पोरगा शब्द भाड्यानं आणतो आणि लगेच परत करून येतो. मी का लिहिलं नाही, हे मात्र कुणालाच समजण्यासारखं नाही. मला तर अख्खी मंडळी बोलघेवडी म्हणते.

आधी कामाचं सांगते. आपल्या चर्चच्या मंडळीचं नवं गीतपुस्तक छापायला चाललंय. जुन्याची शिवण उसवली, पानं हातात येतात, आणि म्हाताऱ्यांना ती अक्षरं आता भिंग लावूनही दिसत नाहीत. नव्या पुस्तकात 'ये, बस इथे' घ्यायचं ठरलंय. गीत क्रमांक एकशे बारा. समितीनं मला फॉर्म पाठवलाय. गीतकाराचं नाव, चालीचं नाव, आणि तळाशी एक चौकोन: 'हे गीत आपणांस कसे सुचले? चार ओळींत लिहा.' बाकीचा फॉर्म मी पाच मिनिटांत भरला. तो चौकोन तीन आठवडे कोरा आहे.

बाकी मी बरी आहे. शाळेतून निवृत्त झाले, आता पोरं माझ्याशिवाय बेसूर गातात. डावा गुडघा ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर कुरकुरतो, पण उपासनेला बसलेल्यांना तो ऐकू येत नाही, मला येतो. तुझी खोली तशीच आहे. तुझे नट आवळायचे दोन पाने आणि ग्रीसचा डबा खिडकीत आहे. पाळकसाहेब अजून तुझी आठवण काढतात. म्हणतात, लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस गेला, आता मंडळीला वर कोण नेणार. दर वेळी तोच विनोद, आणि दर वेळी आधी तेच हसतात.

येत्या मार्चमध्ये तुझ्या लेकीला, आपल्या मुंगीला, जाऊन सात वर्षं होतील. मला तारीख आठवते हे तुला सांगायची गरज नाही, तरी सांगते.

ती गेली त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं. तू तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी. मी ऑर्गनवर होते, म्हणजे माझी पाठ तुमच्याकडे, पण वर तो छोटा आरसा आहे ना, पाळकांची खूण दिसावी म्हणून लावलेला, त्यात मला तू दिसत होतास. पहिल्या कडव्याला तू मान वर केलीस. चौथ्याला उठलास, गाण्याचा कागद बाकावर ठेवलास, त्याच्यावर गीतपुस्तक ठेवलंस, उडू नये म्हणून, आणि बाहेर गेलास. जानेवारीत तुम्ही दोघं गाव सोडून गेलात. मधल्या दोन महिन्यांत तू माझ्याशी फक्त एकदा बोललास, किल्ली कुठे ठेवू म्हणून.

मला एवढंच विचारायचंय की त्या चौकोनात काय लिहू. तुझी हरकत नसेल तर मी लिहीन, 'एका आजारपणात सुचले.' ते खोटं नाही.

तुझी,
ताई


३ फेब्रुवारी

प्रिय घुम्या,

तुझ्या बायकोनं फोन केला. दुकानातून करत होती, मागे माणसं भांडत होती, त्यामुळे आम्ही दोघी ओरडूनच बोललो.

"ताई, पत्र मिळालं. त्यांनी उघडलं."

"वाचलं?"

"दोनदा. मग पाकिटात घालून हत्यारांच्या पेटीत ठेवलं."

"काही म्हणाला?"

"ताई, ते काही म्हणतात का कधी? मुंगीच्या फोटोशी बोलतात तेवढंच. सकाळी बूट घालताना. कामाचं सांगतात तिला, कुठल्या मजल्यावर काय बिघडलंय ते. मी स्वयंपाकघरातून ऐकते."

म्हणजे तू बोलतोस. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि दोन्हींतलं जास्त कुठलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पेटीत ठेवलंस म्हणजे फाडलं नाहीस. म्हणून पुढे लिहिते.

'एका आजारपणात सुचले' हे खोटं नाही असं मी लिहिलं होतं. पण ते खरंही नाही. शब्द तुझे आहेत. हे मी कुणाजवळ बोललेले नाही, पण तुला ते पहिल्या ओळीलाच कळलं होतं, आरशात मला दिसलं.

मी गाणी कशी करते हे तू कधी विचारलं नाहीस. तुला ती सगळी सारखीच वाटायची. तरी सांगते. शब्द मला नंतर सुचतात. आधी ठोके येतात. भांडी घासताना, जिना चढताना मी ते बोटांनी मांडीवर मोजते. मग शब्द. ते असे हवेत की तीनशे माणसांना एकदम म्हणता आले पाहिजेत आणि त्या तीनशेंपैकी कुणालाही आपण खोटं बोलतोय असं वाटता कामा नये. हे दिसतं तितकं सोपं नाही. एकाच्या तोंडची प्रार्थना दुसऱ्याच्या तोंडात खडा होते. वरच्या सुरावर 'ई' ठेवायची नाही, नाहीतर पुढच्या रांगेतल्या बायकांचा आवाज फाटतो. तिथे 'आ' हवा. आणि श्वासाची जागा. ती कवी विसरतात. म्हाताऱ्या माणसाला चौथ्या शब्दानंतर श्वास लागतो, तिथे तो नाही मिळाला तर तो गाणं सोडून देतो आणि नुसता उभा राहतो. गाणं झालं की मी ते आठवडाभर काम करताना म्हणते. एखादा शब्द दोनदा विसरला, तर चूक माझ्या आठवणीची नसते, शब्दाची असते. तो काढून टाकते.

'ये, बस इथे' मधला एकही शब्द मी कधी विसरले नाही.

त्या दुपारी इस्पितळात तुझी बायको खाली सही करायला गेली होती. खोलीत आपण तिघं. तू कॉटच्या लोखंडी कठड्यावर कपाळ टेकवलंस, डोळे घट्ट मिटलेस आणि मोठ्यानं बोलायला लागलास. जन्मात मी तुला मोठ्यानं प्रार्थना करताना ऐकलं नव्हतं. जेवणाआधीची सुद्धा तू ओठांत उरकायचास. तुझं ते बोलणं माझ्या मनात बसलं. संध्याकाळी सगळं संपल्यावर मी घरी गेले, आणि जेवढं आठवलं तेवढं लिहून काढलं. दुःखात होते. माणूस दुःखात काय करतो ते त्याला कळत नाही.

आणि एक. निघताना तू मला दोनच गोष्टी विचारल्या होत्यास. ती जागी होती का, आणि तिचे पाय असे पोटाशी का आखडले होते. नर्स म्हणाली होती, कळ आली असेल. मी तुला सांगितलं होतं की ती झोपली होती, तिला काही कळलं नाही. तेच धरून चाल. त्याच्यात शिरू नकोस.

ताई


२० फेब्रुवारी

घुम्या,

मागच्या पत्रातली एक गोष्ट परत घेते. घरी जाऊन आठवून लिहिलं, असं मी म्हटलं होतं. तसं नाही झालं.

तू बोलत होतास तेव्हाच मी मोजत होते.

लिहिलं एकदाचं. आता तू पेटीतून पाना काढून मला हाणलास तरी चालेल.

मी पायथ्याच्या बाजूला स्टुलावर बसले होते. उजवा हात मांडीवर. तू म्हणालास, "ये. बस इथे." आणि माझं बोट आपोआप खाली गेलं. तुला माहीत नाही तू कसा बोललास. चार ठोके, चार ठोके, मग एक रिकामा. पुन्हा चार, चार, रिकामा. तो रिकामा ठोका म्हणजे तुझा आवंढा. पंचवीस वर्षं मी ज्या तालासाठी डोकं आपटत होते, तो तू, ज्याला टाळीसुद्धा वेळेवर वाजवता येत नाही, तू सहज म्हणत होतास. आणि मी रडत नव्हते. रडले असते तर मोजणी चुकली असती. त्या गाण्यात तू जिथे आवंढा गिळलास, तिथे आता तीनशे माणसं श्वास घेतात. सगळे म्हणतात, बाईंच्या गाण्यात श्वास किती बरोबर जागी येतो.

कागद नव्हता. औषधांची चिठ्ठी होती, तिच्या मागे मी लिहिलं, बाहेर व्हरांड्यात, तू तोंड धुवायला गेलास तेव्हा. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. तू काय म्हणालास ते जसंच्या तसं आहे:

"ये. बस इथे. दार उघडं आहे. खुर्ची एकच आहे, ती मला लागते. तू तिच्या पायथ्याशी बस. बघ तिच्याकडे. मी बघतो तसं बघ. मला काही मागायचं नाही. मागून झालं. मी तुझ्याशी बोलणार नाही. यापुढे कधीच बोलणार नाही. पण तू बस."

आता गाण्यात काय आहे ते तुला माहीत आहे. खुर्ची गेली, कारण खुर्ची गाण्यात हास्यास्पद वाटते. 'पायथ्याशी' चं मी 'उशाशी' केलं. देव माणसाच्या पायथ्याशी बसलेला मंडळीला आवडणार नाही असं मला वाटलं. आणि चौथं कडवं:

'आता बोलेन मी, तुझेच नाम गाईन,
आलास माझ्या घरी, तुझे पाय धुईन.'

तू म्हणालास, बोलणार नाही. मी लिहिलं, बोलेन. ही एका शब्दाची उलटापालट नाही, रे. तुला मी तुझ्याच तोंडानं त्याच्या पाया पाडलं, आणि तेही सगळ्यांदेखत, आणि तू तिसऱ्या रांगेत बसलेला असताना.

इतकी वर्षं मी मनातल्या मनात हे समितीवर ढकलत आले. अध्यक्ष तेच आहेत, दोन चष्मेवाले, एक नाकावर आणि एक कपाळावर, आणि वाचायला लागले की दोन्ही चुकीच्या जागी. त्यांचा नियम सगळ्यांना पाठ आहे: गीताचा शेवट स्तुतीत झाला पाहिजे, मंडळीला आमेन म्हणायला जागा पाहिजे. पण त्यांनी गाणं पाहिलं तेव्हा चौथं कडवं तयार होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या शेवटासकट ते गाणं कुठल्याच पुस्तकात गेलं नसतं, आणि मला ते पुस्तकात हवं होतं. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं गाणं होतं ते. एवढंच कारण आहे. मी शोधलं, दुसरं सापडलं नाही.

देवासाठी लिहिते, असं मी सगळ्यांना सांगत आले. शाळेतल्या मुलांनासुद्धा. ते सगळंच खोटं होतं असं मला म्हणवत नाही. पण त्या दुपारी देव खोलीत आला असता तर मी त्याला म्हटलं असतं, थांब जरा, ओळ पुरी होऊ दे.

ताई


९ मार्च

प्रिय घुम्या,

काल कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाईंच्या मुलाला निरोप दिला. तू त्या बाईंना ओळखतोस. मुंगीला पावाचा कडेचा तुकडा फुकट द्यायच्या त्या. चार महिन्यांचं बाळ. पेटी इतकी छोटी होती की ती एकट्या बापानंच उचलून आणली.

आदल्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या. हाताला पीठ तसंच होतं. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"बाई, ते 'ये, बस इथे' म्हणायचं का उद्या?"

"म्हणू ना."

"पण तीनच कडवी म्हणा. चौथं नको."

मी विचारलं, का. माझा आवाज कसा निघाला असेल देव जाणे.

त्या म्हणाल्या, "नेहमी म्हणते मी ते. दर रविवारी म्हटलंय. पण उद्या माझ्याच्यानं नाही होणार. तिसऱ्यापर्यंत कुणीतरी माझ्यासारखंच माणूस बोलतंय असं वाटतं. चौथ्यात ते माणूस निघून जातं. दुसरंच कुणीतरी येतं, छान कपडे घातलेलं."

मग त्यांना वाटलं आपण काहीतरी लागट बोललो. "गाणं फार सुंदर आहे हां, बाई," असं म्हणून निघाल्या. दाराच्या कडीवर पीठ राहिलं. मी ते अजून पुसलेलं नाही.

काल तीन कडवी झाली आणि मी हात उचलले. मंडळीला सवय नाही. अर्धे लोक चौथ्याचा पहिला शब्द घेऊन मोकळे झाले, आणि मग एकेक करून गप्प झाले. आमेन कुणी म्हटलं नाही. आरशात मी बेकरीवाल्या बाईंकडे पाहिलं. त्या रडत होत्या, पण त्यांची मान वर होती.

आज सकाळी मी दोन चष्मेवाल्यांच्या घरी गेले. छापखान्यातून आलेली तपासायची पानं टेबलावर पसरली होती. एकशे बारावं गीत काढून मी चौथ्या कडव्यावर लाल पेन्सिलनं काट मारली.

"अहो, हे काय करताय?"

"हे कडवं माझं नाही. म्हणजे एवढंच माझं आहे. म्हणून काढतेय."

त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, नाकावरचा हातात. "बाई, तिसऱ्यावर गाणं संपत नाही. मधेच थांबतं."

"हो. मधेच थांबतं."

"मग आमेन कुठे म्हणायचं लोकांनी?"

"ज्याला म्हणवेल त्यानं म्हणावं. ज्याला नाही म्हणवणार त्यानं नुसतं उभं राहावं."

मला वाटलं, आता नियम काढतील. ते म्हणाले, "आमची ही गेली, तेव्हा मी वर्षभर ओठ हलवत होतो नुसते. कुणाला कळलं नाही." मग त्यांनी त्या लाल रेघेशेजारी आपली सही केली आणि मला चहा विचारला. त्या माणसाला मी वीस वर्षं नावं ठेवली.

'उशाशी' चं 'पायथ्याशी' केलं. तेही केलं. नावाच्या जागी काय लिहायचं ते तू सांगशील तसं. तुझं खरं चौथं कडवं, 'बोलणार नाही' हे, मी घातलेलं नाही. ते तुझं आहे, तुला विचारल्याशिवाय या वेळी हात लावणार नाही. छापखाना महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. तू एक शब्द लिही. नको म्हणालास तर मी अख्खं गाणंच काढून टाकीन, एकशे बाराव्या गीताची जागा कोरी गेली तरी चालेल.

मला वाटतं, मी आता सगळं सांगितलं.

ताई


२८ मार्च

घुम्या,

सगळं सांगितलं नव्हतं.

काल तुझ्या बायकोचं पत्र आलं. एकच पान. समोर ठेवून लिहितेय. ती म्हणते, 'ताई, तुमची चारही पत्रं त्यांनी वाचली. गाण्याचं काय करायचं ते करा म्हणाले, नाव घाला नाहीतर नका घालू. गाण्याचा त्यांना आता राग नाही. कधी होता का तेही मला ठाऊक नाही. पण ते सात वर्षं रोज एकच विचारतात. मला विचारतात, फोटोला विचारतात. पाय का आखडले होते तिचे. खूप दुखत होतं का. मी तिथे होतो आणि मला कळलं कसं नाही. ताई, तुम्ही होता ना खोलीत. तुम्हाला काही आठवत असेल तर लिहा. काही नसेल तरी काहीतरी लिहा.'

हे वाचून मी सकाळी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले ती दुपारी उठले.

मी चार पत्रं गाण्याबद्दल लिहिली. माझ्या पापाबद्दल लिहिली, आणि खरं सांगू, लिहिताना मला बरंच हलकंही वाटलं. आणि तू तिथे, रोज बूट घालताना, हे विचारतोयस. गाणं गेलं खड्ड्यात. आता सरळ सांगते, सजवणार नाही.

ती झोपली नव्हती.

तू डोळे मिटून कठड्यावर डोकं टेकवलं होतंस. मी पायथ्याशी होते आणि माझे डोळे उघडे होते, कारण मी बोटांनी ठोके मोजत होते. मुंगी जागी होती. ती तुझ्याकडे बघत होती. तुझा एक शब्द तिनं सोडला नाही. तू म्हणालास, "तू तिच्या पायथ्याशी बस." तिनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग तिनं पाय वर ओढून घेतले. आधी एक, मग दुसरा. तिला ते जड गेलं, पण कळ नव्हती, तोंड वाकडं झालं नाही. बसमध्ये कुणी बसायला आलं की ती कशी सरकायची, तुला आठवत असेल, न सांगता, दप्तर मांडीवर घेऊन. तसं केलं. मग पांघरुणाची जी जागा मोकळी झाली ती तिनं हातानं सारखी केली. सुरकुती काढली.

आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आत्या, एवढी पुरेल?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

गप्प, अशी खूण केली मी तिला. कारण तू पुढची ओळ म्हणत होतास आणि ती मला हवी होती. तिनं लगेच मान हलवली. शहाणी होती. मला गाणं करताना तिनं शंभरदा पाहिलं होतं, बोटं चालू असली की आत्याशी बोलायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं डोळे मिटले आणि तशीच पडून राहिली, पाय आखडून. नंतर तू तोंड धुवायला गेलास, मी चिठ्ठी घेऊन बाहेर गेले. परत आलो तेव्हा नर्सनं पडदा ओढला होता.

तिनं पाय पुन्हा लांब केले नाहीत, ते दुखत होतं म्हणून नाही. तिला वाटलं कुणीतरी बसलंय.

तू मला विचारलंस, ती जागी होती का. हो म्हटलं असतं तर तू पुढचं विचारलं असतंस, तुला कसं माहीत, तू काय करत होतीस. म्हणून मी नाही म्हटलं. माझी बोटं लपवायला मी तुला सात वर्षं असं ठेवलं. नर्सचं 'कळ आली असेल' मी तुझ्या अंगावर तसंच राहू दिलं. यासाठी माफी मागायची कशी ते मला येत नाही. इतकी गाणी लिहिली, त्यातलं एकही इथे उपयोगी नाही.

अजून एक, म्हणजे काहीच राहायला नको. मी याचं गाणं करायचा प्रयत्न केला होता. तीनदा. पांघरुणाची सुरकुती, 'एवढी पुरेल', सगळं. ठोकेसुद्धा बसले होते. तीनही कागद मी चुलीत घातले. ते चांगलेपणानं नाही, ओळी मला जमेनात म्हणून. आज वाटतं, बरं झालं. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नाही, कुणाला पाठ नाही. पाळकांना नाही, तुझ्या बायकोलाही नाही. आता तुझ्याकडे आहे.

तो येऊन बसला का, ते मला माहीत नाही. मी त्या जागेकडे पुन्हा पाहिलंच नाही. तू त्याच्याशी बोलत नाहीस, नको बोलूस, मी यापुढे तुझ्या तोंडी काही घालणार नाही.

पण तिच्याशी तू बोलतोस. उद्या बूट घालशील तेव्हा तिला माझा एक निरोप दे. तिनं मला काहीतरी विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं. म्हणावं, आत्या म्हणाली, पुरेल. भरपूर आहे.

ताई